फादरला सांगितलं, पण गडगा कोण मागे घेणार? ख्रिस्ती धर्मातला देवाचा न्याय आणि माणसाचा पश्चात्ताप

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणपासून वर वसईपर्यंत ख्रिस्ती माणसं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, कामाला जातात. ही राख गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ती लावताना धर्मगुरू म्हणतात, "पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा." एसटीत शेजारी बसलेला माणूस विचारतो, हे कपाळावर काय? उत्तर ऐकलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे हवं ते करायचं, फादरच्या कानात सांगायचं आणि मोकळं व्हायचं?"

प्रश्न रास्त आहे. कितीतरी ख्रिस्ती माणसांच्या मनातही तो असतो, फक्त बोलला जात नाही. त्यात २४ डिसेंबर २०२४ ते ६ जानेवारी २०२६ हे कॅथलिक चर्चचं जुबिली वर्ष, म्हणजे यात्रेचं आणि क्षमेचं विशेष वर्ष, होतं. त्या काळात 'दंडमुक्ती' हा शब्द बातम्यांत वारंवार आला आणि गोंधळ वाढला. पापाची शिक्षा अशी माफ होत असेल तर देव न्यायी कसा? आणि तो न्यायी असेल तर माफी कशी देतो? याचं उत्तर कोकणातल्या माणसाला समजायला खरं तर अवघड नाही, कारण जमिनीच्या हद्दीवरून काय काय मोडतं हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

एक गडगा, तीन फूट

समजा, दोन बागांच्या मधला गडगा पावसात ढासळला. जांभ्या दगडांचा, चुनासिमेंट न लावता रचलेला गडगा असा अधूनमधून ढासळतोच. परत रचताना एकाने तो शेजाऱ्याच्या बाजूला तीन फूट सरकवला. लांबी शंभर फूट धरली तर तीनशे चौरस फूट झाले, म्हणजे पाव गुंठ्याहून जरा जास्त. त्या पट्ट्यात हापूसचं एक कलम होतं. दहा वर्षं त्याचे आंबे यानेच उतरवले. शेजाऱ्याने विचारलं तर वाडीभर सांगत सुटला की, "त्यालाच दुसऱ्याच्या जमिनीची हाव."

यात किती गोष्टी मोडल्या ते मोजून पाहा. जमीन गेली. दहा वर्षांचं फळ गेलं. शेजाऱ्याचं नाव खराब झालं. दोन घरांतलं बोलणं बंद झालं, गणपतीला आणि नाताळला एकमेकांकडे जाणारी ताटं थांबली. ख्रिस्ती श्रद्धा यात पाचवी गोष्ट धरते: देवाशी असलेलं नातं तुटलं. ही ओढूनताणून जोडलेली बाब नाही. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात शापांची एक यादी आहे. मूर्तिपूजा आणि आईबापांचा अवमान यांच्या पाठोपाठ तिथे शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणारा येतो.

पुढे जिथे जिथे अडेल तिथे या गडग्याकडे परत येऊ.

देवाचा न्याय: फौजदारी की दिवाणी?

न्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तराजू येतो, नाहीतर कुणीतरी वर बसून लिहीत असलेली वही. पाप एका पानावर, पुण्य दुसऱ्या पानावर, शेवटी बेरीज. पुष्कळ ख्रिस्ती लोकही देवाची अशीच कल्पना करतात. पण बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात, न्यायाविषयी दोन हिब्रू शब्द जोडीने येतात. 'मिश्पाट' म्हणजे न्यायाधीशाचा निवाडा. 'त्सेदाका' म्हणजे नातं जसं असायला हवं तसं असणं, आणि ते बिघडलं असेल तर जाग्यावर आणणं. संदेष्टे देवाला न्यायी म्हणतात तेव्हा त्यांच्या नजरेसमोर विधवा, अनाथ आणि परदेशी असतात. ज्याचं कुणीतरी लुबाडलं, त्याला ते परत मिळणं हा तिथे न्याय आहे.

कोर्टाची पायरी चढलेल्यांना फरक लगेच कळेल. फौजदारीत गुन्हेगाराला शिक्षा होते, पण तो तुरुंगात गेला म्हणून तुमचा तीन फुटांचा पट्टा तुमच्याकडे येत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लागतो. मोशेच्या नियमशास्त्रातले चोरी-फसवणुकीचे नियम बहुतेक दिवाणी वळणाचे आहेत. बैल चोरून कापला किंवा विकला तर पाच बैल द्यायचे, मेंढरू असेल तर चार द्यायची. फसवून काही घेतलं असेल तर ते पूर्ण परत करून वर एक पंचमांश, म्हणजे वीस टक्के, त्याच माणसाला द्यायचे. गणना या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायात तर पाप कबूल करणं आणि भरपाई देणं हे सलग एकाच आज्ञेत येतं. पुढच्या सगळ्या ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा मला त्या जोडणीत दिसतो.

मग शिक्षा नाहीच का? आहे. पण यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देव स्वतःच विचारतो, दुष्ट माणूस मेला याचा मला आनंद होतो का? त्याने आपला मार्ग सोडून जगावं यातच मला आनंद नाही का? न्यायाधीशाला शिक्षेपेक्षा माणूस आणि जमीन दोन्ही परत हवे आहेत.

पश्चात्ताप: ताप की परतणं?

आपला मराठी शब्द सुंदर आहे. पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप. काम करून बसल्यावर मागाहून होणारी आग. वारकरी परंपरेतला 'अनुताप'ही याच कुळातला. मात्र हा शब्द ऐकून मन भावनेपाशी थांबतं: वाईट वाटलं, रडू आलं, झाला पश्चात्ताप.

हिब्रूत यासाठी 'शूव' हे क्रियापद आहे. त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, परतणं. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'मेतानोइया' आहे, म्हणजे विचार करण्याची पद्धतच बदलणं. मासेमारीची होडी भलत्या दिशेला लागली आणि तांडेलाला त्याचं फार वाईट वाटलं, तरी नुसत्या वाईट वाटण्याने ती बंदराला लागत नाही. सुकाणू फिरवायला लागतं. शिवाय जितकं अंतर चुकीचं कापलं, तितकं परत कापायला लागतं.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, त्याचे दोन शिष्य एकाच रात्री चुकतात. यहूदा येशूला तीस चांदीच्या नाण्यांसाठी धरून देतो. पेत्र त्याला ओळखतच नाही असं तीनदा सांगतो. दोघांनाही जिव्हारी लागतं. यहूदा तर पैसेही परत करायला जातो आणि 'मी पाप केलं' असं कबूलही करतो. पण तो येशूकडे परतत नाही, याजकांकडे जातो, आणि तिथून एकटाच निराशेत शिरतो. पेत्र रडतो आणि इतर शिष्यांबरोबर राहतो. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे समुद्रकाठी, कोळशांच्या विस्तवाशेजारी, येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? जितक्या वेळा नाकारलं, तितक्या वेळा. पश्चात्तापात ताप किती झाला यापेक्षा तोंड कोणाकडे वळलं हे महत्त्वाचं, हे या दोघांकडे बघून कळतं.

कुमसारात नेमकं काय होतं

कॅथलिक चर्चमध्ये याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, कोकणीत कुमसार. बाहेरच्याला दिसते ती फक्त जाळीच्या दोन बाजूंची कुजबुज. तिच्यात माणसाच्या बाजूने तीन गोष्टी लागतात: मनापासूनचा खेद, कबुली आणि भरपाई. चौथी गोष्ट, पापमुक्तीचे शब्द, धर्मगुरूकडून येते. त्रेंतच्या धर्मसभेने १५५१ मध्ये हे पक्कं केलं. वर्षातून एकदा तरी कबुली द्यावी हा नियम त्याहून जुना, १२१५ च्या लॅटरन सभेचा. अगदी सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांसाठी उघड आणि आयुष्यात एकदाच मिळणारं प्रायश्चित्त असे. खासगीत, पुन्हा पुन्हा करता येणारी कबुली आयर्लंडच्या मठवासीयांमुळे रूढ झाली.

कबुली देणाऱ्याने आधी दहा आज्ञा समोर ठेवून स्वतःला तपासायचं असतं. इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे गाऱ्हाणं घालताना "काय चुकला माकला आसात" असं म्हणून सगळ्यांसाठी मिळून क्षमा मागतात. सगळा गाव एकत्र देवापुढे उभा राहतो, त्यात एक मोठेपणा आहे. कुमसारात मात्र चुकलंमाकलं चालत नाही. गंभीर पाप असेल तर कोणतं आणि साधारण किती वेळा हे सांगावं लागतं. "शेजाऱ्याशी नीट वागलो नाही" हे पुरत नाही. "गडगा तीन फूट सरकवला, दहा वर्षं आंबे खाल्ले, त्याच्याबद्दल खोटं पसरवलं" असं सांगावं लागतं. नाव दिल्याशिवाय दुरुस्ती ठरवता येत नाही, डॉक्टरला "बरं वाटत नाही" एवढंच सांगून जसा इलाज होत नाही तसं.

गंभीर पाप कशाला म्हणायचं? तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम लागतात: गोष्ट मोठी असणं, ती वाईट आहे हे पुरतं माहीत असणं, आणि तरी राजीखुशीने करणं. मोजणीत चूक होऊन गडगा सरकला असेल तर ते पाप नाही, चूक आहे. ती सुधारायची, पण त्यासाठी स्वतःला जाळत बसायचं नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. स्वतःऐवजी नवऱ्याची, सुनेची, शेजाऱ्याची पापं सांगितली जातात. लाजेपोटी एखादं मोठं पाप मुद्दाम लपवलं जातं, तेव्हा सगळी कबुलीच वाया जाते. पुढच्या आठवड्यात तेच करायचं मनात पक्कं असतानाही शब्द म्हटले जातात. उलट काही हळवी माणसं तेच माफ झालेलं पाप वर्षानुवर्षं परत परत सांगत राहतात, कारण माफीवर त्यांचा विश्वास बसत नाही. अशा माणसाला चांगला धर्मगुरू प्रेमाने पण ठामपणे थांबवतो.

ऐकलेलं गुपित राहतं का? धर्मगुरूने कोणाचं पाप कुठे थेट उघड केलं तर तो त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो, आणि ती बंदी उठवणं रोमच्याच हातात असतं. ऐकलेल्या माहितीचा त्या माणसाला तोटा होईल असा वापर करायलाही त्याला मनाई आहे.

शेवटी प्रायश्चित्त म्हणून पाच 'नमो मरिये', म्हणजे येशूच्या आईची छोटी प्रार्थना पाच वेळा, सांगितले की लोकांना वाटतं, एवढंच? दहा वर्षांच्या आंब्यांची किंमत पाच प्रार्थना?

खांड बुजली, पण मीठ?

नाही, ती किंमत नव्हे. इथेच सगळा गैरसमज आहे.

रायगडच्या खारेपाटात गेलात तर खाडीकाठची भातशेती बांधाच्या आधाराने उभी दिसते. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं. गाव धावतो, माती-दगड टाकून खांड बुजवतो. पाणी थांबलं. पण शेत बरं झालं का? मीठ मातीत उतरलेलं असतं. उन्हाळ्यात ते पांढरं होऊन वर येतं. पावसाचं गोडं पाणी शेतात साठवायचं, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, सोडायचं, परत साठवायचं. एका पावसाळ्यात भागतंच असं नाही. तोवर खारं सोसणारं भात लावायचं आणि वाट बघायची.

पापमुक्ती म्हणजे खांड बुजणं. देव आणि माणूस यांच्यातली फूट त्या शब्दांनी खरोखर बंद होते, निम्मी किंवा तात्पुरती नाही. पण पापाने जे मीठ मातीत सोडलं ते तिथेच असतं. शेजाऱ्याचं नुकसान असतं. आणि स्वतःच्या मनाला लागलेली सवय असते: लाटायची, खोटं बोलायची, पचवायची. १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथलिक धर्मशिक्षणाची अधिकृत मांडणी हेच सांगते: पापमुक्ती पाप काढते, पण पापाने केलेली सगळी नासधूस भरून काढत नाही, चोरलेलं परत करणं, बदनामी केलेल्याचं नाव सावरणं ही साध्या न्यायाची मागणी आहे.

जुन्या करारात दावीद राजाचं असंच झालं. त्याने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं. नाथान संदेष्ट्याने त्याला एका गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगून त्याचं पाप त्याच्यापुढे ठेवलं. दावीद म्हणाला, मी पाप केलं. नाथान लगेच म्हणाला, देवाने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. क्षमा एका वाक्यात झाली. तरी त्याच्या घरात शिरलेली तलवार पुढे कित्येक वर्षं गेली नाही.

आता 'दंडमुक्ती'. मातीतल्या या मिठाला कॅथलिक शिकवणुकीत 'ऐहिक दंड' म्हणतात: क्षमा झाल्यावरही उरलेली शुद्धी, जी या जन्मात किंवा मृत्यूनंतर शुद्धिस्थानात व्हायची असते. चर्च ख्रिस्त आणि संतांच्या पुण्याईतून या शुद्धीला मदत करते, तिला दंडमुक्ती म्हणतात. पूर्ण दंडमुक्तीसाठी नेमलेल्या यात्रेबरोबर किंवा कृत्याबरोबर कबुली, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर घेणं) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना लागते, आणि लहानमोठ्या कुठल्याच पापाची ओढ मनात उरलेली नको. ही शेवटची अट सगळ्यात अवघड. सोळाव्या शतकात हिचा बाजार मांडला गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याविरुद्ध जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये आपली ९५ विधानं मांडली. पुढे १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या सगळ्या दंडमुक्त्या रद्द केल्या. आणि कोणतीही दंडमुक्ती शेजाऱ्याचं देणं फेडत नाही. जुबिली वर्षात उघडणाऱ्या रोमच्या पवित्र दारातून जाऊन आलेल्या माणसाचा गडगा घरी परतल्यावर तीन फूट आतच असेल, तर त्याची यात्रा अजून संपलेली नाही.

परतफेड करायची तर कशी

संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात लिहून ठेवलं की लाटलेलं परत करणं शक्य असून केलं नाही, तर पाप माफ होत नाही. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनास यांनी त्याचे बारकावे लावले. ते आपल्या गडग्याला लावू.

गडगा मागे घ्यायचा. हे स्वतःहून, शक्य तर मोजणी करून, दोघांच्या समोर. जमीन अजून हातात आहे तोवर तिच्या बदल्यात दुसरं काही देऊन भागवता येत नाही. मालकाने राजीखुशीने पैसे घेतले तर गोष्ट वेगळी.

मग फळ. दहा वर्षांचं उत्पन्न प्रामाणिकपणे काढायचं. खत-फवारणीचा जो खर्च मालकालाही आला असता, तो वजा करायची मोकळीक परंपरा देते. समजा साठ हजार उरले. बायबलच्या लेवीय या पुस्तकातल्या, वर सांगितलेल्या पंचमांशाच्या नियमाने त्यात वीस टक्के घातले तर बहात्तर हजार झाले. चर्च आज तो पंचमांश सक्तीचा मानत नाही, पूर्ण साठ हजार मात्र मानते. जेरीहोचा जकातदार जक्कय येशूला घरी घेतल्यावर म्हणाला होता की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. येशूने त्याच्याकडे आकडा मागितला नव्हता. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने, पण ठरवून.

मग नाव. हे सगळ्यात जड. जिथे जिथे खोटं सांगितलं तिथे तिथे खरं सांगायचं. चार माणसांत बदनामी केली आणि माफी एकट्यात मागितली तर नुकसान भरून निघत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती एका ठिकाणी: लाटलेल्याच्या बदल्यात देवळाला देणगी देण्यात. सणाला चर्चला समई दिली, अनाथाश्रमाला तांदूळ दिले, मन हलकं झालं. मालक माहीत असेल तर त्याचे पैसे त्यालाच मिळाले पाहिजेत. दुसऱ्याच्या पैशाने केलेलं दान हे दान नव्हे. मालक वारला असेल तर वारसांना द्यायचं. कोणीच सापडत नसेल तरच गरिबांना. तोंड दाखवण्यात खरा धोका असेल तर धर्मगुरूमार्फत, नाव न सांगता पैसे पोहोचवता येतात.

आणि गडगा बापाने सरकवलेला असेल तर? मुलाला पाप लागत नाही. यहेज्केल स्पष्ट सांगतो की बापाचा दोष मुलावर येत नाही. पण जमीन मुलाची होत नाही. कळल्या दिवसापासून तो ती परत द्यायला बांधील आहे. त्याआधी न कळता खाल्लेल्या आंब्यांचा हिशोब मात्र त्याच्याकडे कोणी मागत नाही.

परत करण्याचा इरादाच नाही असं कोणी सरळ सांगितलं तर धर्मगुरू पापमुक्ती नाकारू शकतो, नाकारलीच पाहिजे. "फादरला सांगितलं की झालं" याला चर्चचं उत्तर हे आहे.

ज्याचं नुकसान झालं त्याला विचारलं कुणी?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. शेजाऱ्याला लुबाडलं, आणि माफी दिली देवाने परस्पर?

येशूच्या शिकवणुकीत तसा परस्पर मार्ग नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. यहुदी परंपरेत मिश्ना हा धर्मनियमांचा जुना संग्रहही हेच सांगतो की प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्धच्या पापांसाठी आहे; माणसाविरुद्धच्या पापांसाठी तो दिवस पुरत नाही, आधी त्या माणसाची समजूत घालावी लागते.

दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. ख्रिस्ती माणसाला क्षमा करायला सांगितलं जातं, आणि येशूने त्यासाठी एक हिशोब दिला. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तालांत देणं होतं. दीनार ही एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. राजाने ते सोडलं. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, सोबतीचा गळा धरतो. आपल्याला किती सोडलं गेलं हे समजलं की दुसऱ्याला सोडता येतं, असं ही गोष्ट सांगते.

पण ही गोष्ट मार खाणाऱ्या बाईपुढे किंवा अत्याचार झालेल्या मुलापुढे "तूच माफ कर, गप्प बस" म्हणून वापरणं हा तिचा घोर गैरवापर आहे, आणि तो चर्चमध्येही झाला आहे. क्षमा म्हणजे सूड सोडणं. तक्रार मागे घेणं, खोटी साक्ष देणं, त्याच घरात परत जाणं हे क्षमेत येत नाही. गुन्हेगाराचा पश्चात्ताप खरा असेल तर तो शिक्षेला सामोरा जातो, बळीला गप्प करत नाही.

सगळं आपणच फेडायचं तर ख्रिस्त क्रूसावर कशाला?

साठ हजार फेडता येतात. सहा कोटी दिवस फेडता येत नाहीत. शेजाऱ्याचं देणं पहिल्या जातीचं, देवाशी तुटलेलं नातं दुसऱ्या. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अँसेल्म यांनी मांडलं की हे देणं माणसाने फेडायला हवं पण फक्त देवच फेडू शकतो, म्हणून देव माणूस झाला. आधीच्या पूर्वेकडच्या आचार्यांनी त्यापेक्षा आजारी माणसाला बरं करण्याची भाषा जास्त वापरली. कोणतीही भाषा घेतली तरी क्षमा ही फुकट मिळते, कमावली जात नाही. गडगा मागे घेणं ही तिची किंमत नव्हे. क्षमा आत शिरली की ती हातातून अशी बाहेर पडते.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये धर्मगुरूपुढे अशी कबुली बंधनकारक नाही. माणूस थेट देवाकडे कबूल करतो. ल्यूथरने मात्र आपल्या पहिल्याच विधानात लिहिलं होतं की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. श्रद्धा आणि कृत्यं यांवरून शतकानुशतकं भांडलेल्या लुथरन आणि कॅथलिक चर्चनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या: माणूस केवळ कृपेने स्वीकारला जातो, आणि सत्कृत्यं त्या कृपेची फळं आहेत. मतभेद सगळे मिटले नाहीत, पण मुळावरचं भांडण थांबलं.

वादळ ही देवाची शिक्षा का?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पोफळीच्या आणि नारळाच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, कुणाच्या तरी पापाचं फळ. येशूच्या काळीही लोकांना असंच वाटत असे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशूनेच विचारलं, ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही. मेलेल्यांचा हिशोब काढू नका, तुम्ही परता.

त्याला लागूनच त्याने अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक म्हणाला, तोडून टाक, जागा कशाला अडवतंय? माळी म्हणाला, एवढं एक वर्ष राहू द्या. मी त्याच्याभोवती आळं करतो, खत घालतो. पुढच्या वर्षी फळ आलं तर बरं, नाही तर तोडा. कलमाखाली पावसाच्या तोंडावर आळं करणाऱ्याला ते दृश्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षी फळ आलं की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. माळी आळं करायला खाली वाकला आहे, तिथेच ती गोष्ट थांबते.